सर्व्हरचं बारसं

४ एप्रिल २००५, सोमवार

आले! चार सर्व्हर, चार खोकी, आणि खोकी बघायला दारात अख्खा अव्वल क्लासेस. रेवणप्पांनी प्रत्येक खोक्यावर कुंकवाची बोटं ओढली. ऑफिस सुपरिंटेंडेंट आहेत, मूळचे उदगीरकडचे. दारात काहीही आलं की त्यांचं आधी कुंकू, मग सही.

नांदेड सोडून लातुरात आले ती ह्या दिवसासाठी! दोन वर्षं नुसते प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढले. आता कुठं खरं काम. पाच शाखा – लातूर, नांदेड, हदगाव, धर्माबाद आणि शिरूर अनंतपाळ – सगळ्यांची मिळून एकच डिरेक्टरी. पोरानं नाव आणि पासवर्ड टाकला की पेपर उघडला पाहिजे. त्यासाठी डिरेक्टरीला सांगून ठेवायचं, कोणता कॉम्प्युटर कुठल्या गावात बसलाय. त्याला साइट म्हणायचं. रेशनच्या दुकानासारखं आहे – धर्माबादच्या माणसानं धर्माबादच्याच दुकानात जावं, साखरेसाठी लातूरला येऊ नये. जवळच्या सर्व्हरकडं जावं.

शिरूरला सर्व्हर नाही, सोळा कॉम्प्युटर तेवढे. त्यांना लातूरच्या साइटमध्ये ढकललं. चार सर्व्हर, चार साइट. दोन मिनिटांत संपलं.

मग माझी जीभ वळवळली. सरांना म्हटलं, "सर, साइटना नावं द्यायची आहेत."

रेणुकादास सर – क्लासचे मालक – खुर्चीतून उठलेच. "नावं? उद्या मीटिंग!"

५ एप्रिल, मंगळवार

तीन तास!! मी सुरुवातीलाच सांगितलं – ही नावं माझ्याशिवाय कुणाला दिसत नाहीत. लातूर, नांदेड अशी टाकते. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणी ऐकलं नाही.

फिजिक्सवाल्यांना शास्त्रज्ञ हवेत. चंद्रप्रभा मॅडमना – सरांच्या सौ., आणि क्लासच्या संचालिका – नद्या हव्यात. "गोदावरी, मांजरा, किती छान वाटतं!" रेवणप्पा म्हणाले, "अय्यो, मांजरा नको मॅडम. उन्हाळ्यात सर्व्हर आटंल." ह्यावर पाऊण तास गंभीर चर्चा.

शेवटी सरांनी टेबलावर थाप मारली. "आपली ओळख काय? टॉपर! प्रत्येक साइटला त्या शाखेच्या टॉपरचं नाव."

तर लातूर – अनिमेष. नांदेड – मालविका. हदगाव – राजश्री. धर्माबाद – मुकुल.

चहा द्यायला आलेला पंढरी – आमचा जीपचा ड्रायव्हर – कानात म्हणाला, "ताई, म्हशीचं नाव ठिवताना बी एवढा येळ लागत न्हाई."

८ एप्रिल

सर्व्हरचं तोंड पूर्वेला केलं. केबल पश्चिमेला आहे. पाच मीटर वाढीव वायर.

१५ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, म्हणून इथं लिहून ठेवते.

चंद्रप्रभा मॅडमनी दिवस मोजले. सर्व्हर येऊन आज बारावा. बाराव्या दिवशी काय करतात? बारसं!

सरांच्या नातवाचा पाळणा आणला. फुगे. झेंडूच्या माळा. परातभर घुगऱ्या. मी म्हटलं, मॅडम, वीस-बावीस किलोचा आहे तो. "बाळसं धरलंय," त्या म्हणाल्या. अनिमेषला, म्हणजे लातूरच्या सर्व्हरला, पाळण्यात ठेवला. तिसऱ्या झोक्याला कडी तुटली. पंढरीनं खालून झेलला म्हणून वाचला – पाळण्यातून पडलेल्या सर्व्हरची गोष्ट वॉरंटीवाल्यांना मी कशी सांगितली असती?

मग प्रश्न आला – आत्या कोण? नाव आत्यानं ठेवायचं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या घरी बारशाला बुद्धवंदना होते, असल्या कानगोष्टी नसतात. पण घुगऱ्यांना माझा विरोध नाही, आणि सरांचा चेहरा असा काही उजळला होता की नाही म्हणवेना.

सर्व्हरचा कान कुठला, ह्यावर पुन्हा मतभेद. रेवणप्पांच्या मते सीडी घालतात तो. शेवटी पंख्याची जाळी ठरली. मी वाकून जाळीत म्हटलं, "अनिमेष." लगेच मागून सगळे – कुर्रर्रर्र! – आणि आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के! केमिस्ट्रीचे सर तर जुना राग काढावा तसे मारत होते.

असं चारदा. चार सर्व्हर आहेत ना.

पाठ दुखतेय. आणि अनिमेषच्या डोक्यावर नैवेद्याची वाटी ठेवली होती, ती पाळण्याबरोबर कलंडली. दिसल्या तेवढ्या घुगऱ्या उचलल्या. जाळीतून एखाद-दुसरी आत गेली असावी. उघडून बघते म्हटलं, तर सर म्हणाले, "झाकण उघडलं की वॉरंटी जाते." पाळण्यात घालताना वॉरंटी आठवली नव्हती.

२० एप्रिल

बाकीचे तिन्ही सर्व्हर पंढरीच्या जीपनं आपापल्या गावी पोचले. सरांनी माझी साइटची यादी मागून घेतली. फ्रेम करून रिसेप्शनवर लावली. वर सोनेरी अक्षरांत – 'आमच्या शाखा'. खाली माझी चार नावं, पुढं कंसात गाव. हार पण घातलाय. यादी जिवंत आहे हो, अजून!

२५ एप्रिल

धर्माबादहून फोन, "मुकुल बंद पडला!" वायर सैल होती, ती खोचली आणि सुरू झाला. पण तोवर ही बातमी बाजारातून खऱ्या मुकुलच्या आईपर्यंत गेली होती. माउली रडत क्लासवर आली. खरा मुकुल पुण्यात, होस्टेलच्या मेसमध्ये वरण-भात जेवत होता. त्याच्याशी फोनवर बोलल्यावरच ती पाणी प्यायली.

२ मे, सोमवार

शिरूरहून तारामतीताईंचा फोन. शिरूरची शाखा म्हणजे त्याच – शिकवतात त्या, कुलूप त्या लावतात, फळा त्या पुसतात. दोन वर्षांत चारदा बोललो असू. आज आवाज बारीक.

"मॅडम, एक इचारू का? पालक लोक लातूरला आलते. म्हणून राहिलेत, भिंतीवरच्या यादीत शिरूरचं नावच न्हाई. शाखा बंद होऊन राहिली का?"

मी हसले! म्हटलं, छे हो, ती शाखांची यादी नाहीच. ती साइटची आहे. तुम्हाला सर्व्हर नाही ना, म्हणून तुम्ही लातूरच्या पोटात.

"असं का," त्या म्हणाल्या. "पन मॅडम, यादीत न्हाई ते न्हाईच असतं. आमी बघितलंय ते."

मी फोन ठेवला आणि केळीचे वेफर्स खाल्ले.

३ मे, मंगळवार

वेफर्स अजून घशात आहेत.

सहज सरांना सांगितलं, शिरूरवाले घाबरलेत. सर फ्रेमसमोर जाऊन उभे राहिले. बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. "अरे, शिरूर नाही की. रेवणप्पा, आपण शिरूर बंद केलं का?"

रेवणप्पा चष्मा पुसत म्हणाले, "केलंच असंल सर. यादीत न्हाई म्हंजे."

दोघंही खरंच आठवत होते! कधी बंद केली ते!

मी म्हटलं, सर, माझी चूक. ती यादी मी केली, ती सर्व्हरसाठी होती. सर विचारात पडले. मग म्हणाले, "तसंही एकतीसच मुलं आहेत तिथं. माहितीपत्रक ह्या यादीवरूनच छापायला टाकलंय. जिथं सर्व्हर नाही, तिथं आपण नाही. मुलं लातूरला येतील."

लातूरला येतील! एकतिसात एकोणीस मुली आहेत. कोण पाठवतंय त्यांना इथं खोली करून राहायला? बारावी, सीईटी, सगळं शिरूरच्या वेशीत संपणार. आणि तारामतीताईंची नोकरी. आणि हे सगळं माझ्या दोन मिनिटांच्या कामामुळं. मला रडूच आलं, बाथरूममध्ये जाऊन रडले. मग राग आला. अशी कशी मी! नावं कुणाला दिसत नाहीत म्हणून महिनाभर सगळ्यांना हसत होते.

४ मे

उपाय आहे. सर्व्हर नसलेली साइटही करता येते. रिकामी साइट, नुसतं नाव. तिथले कॉम्प्युटर मग शेजारच्या साइटचा सर्व्हर वापरतात. पाच नावं होतील. सर म्हणाले, "पण टॉपर कुठाय तिथं? नाव कुणाचं देणार?" बरोबर आहे. शिरूरला बोर्डात कुणी आलंच नाही अजून.

१० मे, मंगळवार

हाहाकार! समोरच्या क्लासनं रात्रीतून होर्डिंग लावलं. चार मजली. त्यावर कोण? अनिमेष, मालविका, राजश्री, मुकुल! चौघंही, दात दाखवत. "आमचे तारे."

सर रस्त्याच्या मधोमध उभे, रिक्षावाले हॉर्न वाजवतायत. चौघं वर्षभर आपल्याकडं होते आणि शेवटचे पंधरा दिवस त्यांच्याकडं सराव परीक्षेला गेले होते म्हणे. आपण नाही का त्यांची दोन पोरं लावली गेल्या वर्षी? हे मी बोलले नाही.

सर आत आले ते थेट माझ्याकडं. "प्रियदर्शनी, काढून टाक! चौघांनाही काढ!" फ्रेम उतरवली. हार रेवणप्पांनी गणपतीला घातला.

१४ मे, शनिवार

सगळ्या शाखाप्रमुखांची मीटिंग, लातूरला. तारामतीताई पहिल्यांदा नीट पाहिल्या. चौतीस-पस्तिशीच्या, मांडीवर पिशवी गच्च धरून सगळ्यात मागं. शिरूरला कुणी बोलावलं नव्हतं. आपणहून आल्या होत्या.

सरांनी भाषण केलं. "माणसांची नावं द्यायची नाहीत. माणसं पळतात! आता गावांची नावं. गावं पळत नाहीत."

मागून आवाज, "गावं बी पळत्यात सर."

सगळे वळले. तारामतीताई उभ्या होत्या. "आमचं पळालं. चिंचसोगा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तीन किलोमीटर पलीकडं नेऊन वसवलं. जुन्या जागी आता येक घर न्हाई. पन फाट्यावर एसटी आजबी थांबती. कंडक्टर हाळी देतो – चिंचसोगाऽऽ! उतरत कुनी न्हाई. तरी थांबती. कामून, तर पाटीवर नाव हाय."

त्याच पुढं म्हणाल्या, "मोजायला लोक आले तवा पयलं यादी मागितली. यादीत व्हते त्यांचं झालं समदं, घर मिळालं, नंबर मिळाला. न्हाई त्यांचं कुनी इचारलंच न्हाई. तुमी सर्व्हर देऊ नका सर. नाव तेवढं द्या. माझ्या पोरी नावावर बी शिकत्यात."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. वाईट नाहीत आमचे सर. फक्त पटकन विसरतात. शेवटी म्हणाले, "बारा जूनला सगळ्या शाखांची एकत्र परीक्षा आहे. त्यात शिरूर इतरांच्या बरोबरीनं सुरू झालं, तर नाव राहील. नाही झालं, तर लातूर."

जाताना तारामतीताई मला म्हणाल्या, "हसू नका बरं मॅडम, लई बोलले." मी कशाला हसते! दोन मेला हसले तेवढं पुरे.

२३ मे

४३ अंश. सहा तास लाइट नाही. सर्व्हरच्या खोलीत मी, रेवणप्पा आणि एक पाल. पाल सगळ्यात शांत.

२ जून, गुरुवार

पंढरीच्या जीपनं शिरूरला. शाखा म्हणजे खताच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. पोरींनी दारात रांगोळी काढली होती – कॉम्प्युटरची! माउस चांगला मांजराएवढा.

साइट उघडली. 'शिरूर अनंतपाळ'. तारामतीताई शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"झालं? एवढंच?"

"एवढंच."

"आता हे नाव समद्या सर्व्हरवर दिसंल?"

"चारही सर्व्हरवर. आपोआप जातं."

"लाइट गेली तर?"

"राहतं."

"येक सर्व्हर जळून गेला, तरी?"

"तरी राहतं, ताई. बाकीच्यांवर असतं."

त्यांनी पदरानं पडद्यावरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, त्यांचा पहिला क्लास चिंचसोग्यालाच होता. घराच्या ओट्यावर, दिवेलागणीला. "चौदा पोरं व्हती, भूकंपाच्या आदल्या सांजेपर्यंत. फुकटच शिकवायचे. क्लासला नाव नव्हतं काही, कुटं नोंद न्हाई." मी विचारलं, आता कुठं असतात ती पोरं? त्या उठल्या, म्हणाल्या, च्या ठिवते.

एकतीस मुलांची नावं भरायची होती. ते त्याच करतील. त्यासाठी माझाच पासवर्ड दिला, एवढ्यासाठी वेगळा कुठं करत बसू? सर्व्हरच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय, असं कधीही करू नका.

८ जून

अनिमेष – म्हणजे आता 'लातूर' – खरखर करतोय. आणि जवळ गेलं की करपलेल्या हरभऱ्याचा वास! उघडू का? सर म्हणाले, वॉरंटी. त्यांना बारशाच्या घुगऱ्यांची आठवण करून दिली. ते म्हणाले, "प्रसाद आहे, नुकसान करणार नाही."

मला त्या प्रसादाची खात्री वाटेना. शिरूरची रिकामी साइट लातूरपासून तोडली आणि नांदेडला जोडली. नांदेडच्या सर्व्हरलाही बारसं झालं होतं, पण तो पाळण्यात बसला नव्हता.

११ जून

झोप नाही. आईला नांदेडला फोन केला. तिला काही कळलं नाही पण म्हणाली, "होतंय बघ." आईचं हे बरं असतं.

१२ जून, रविवार

दहाला परीक्षा. दहा वाजून दोन मिनिटं – नांदेड सुरू, हदगाव सुरू, धर्माबाद सुरू. शिरूरचा फोन लागेना.

दहा वाजून सहा मिनिटं. लातूरच्या सर्व्हरनं मोठ्ठा कर्रर्र आवाज केला – अगदी बारशाला आम्ही केला तसा! – आणि गप्प. हॉलमधले दीडशे कॉम्प्युटर लटकले. दीडशे पोरं, दोनशे पालक, आणि सर हात जोडून सगळ्यांना म्हणतायत, "पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं." मी वॉरंटी खड्ड्यात घातली आणि झाकण उघडलं. पंख्यात हळदीचा गोळा आणि तीन घुगऱ्या. टणक, काळ्या. पंढरी डोकावला, "ताई, तिळं झालं की!"

तेवढ्यात फोन. तारामतीताई. मी देवाचं नाव घेत नाही, पण आज जे कुणी असेल त्याचं घेतलं.

"मॅडम, काही अडचन हाय का तिकडं? फोन लागंना म्हणून इचारते."

"तुमचं काय झालं ते सांगा आधी!"

"आमचं? दहा वाजता बसले की सोळाच्या सोळा. पोरी सहाव्या प्रश्नावर हायेत. पयली तुकडी उठली की दुसरी बसवते."

मी फोन सरांच्या कानाला लावला. लातूर पाऊण तासानं सुरू झालं. शिरूरची दुसरी तुकडीही तोवर पाणी पिऊन तयार होती.

१३ जून

सरांनी स्वतः सांगितलं, माहितीपत्रकात शिरूर टाका. पाचव्या नंबरवर नको, पहिल्या! रेवणप्पांनी नवी फ्रेम आणली. आता फ्रेमला कुंकू. तारामतीताईंना फोन केला तर म्हणाल्या, "हाव का? बरं झालं." आणि फोन ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा त्यांचाच फोन – "मॅडम, खरंच ना?"

मी खूश आहे. आज घुगऱ्या खाल्ल्या नाहीत, पेढे खाल्ले.

१६ जून

पासवर्ड बदलायचा राहिलाय. उद्या.

२० जून

उद्या.

१ जुलै, शुक्रवार

फ्रेमसाठी यादी छापली. पाच नावं हवी होती. सहा निघाली. सहावं – चिंचसोगा. सर्व्हर नाही, कॉम्प्युटर नाही. शिरूरहून टाकलेलं, पंधरा दिवसांपूर्वी. चारही सर्व्हरवर पोचलंय.

सर मागंच उभे होते. "ही कुठली शाखा? मुलं किती आहेत?"

"चौदा, सर," मी म्हटलं. आणि यादी तशीच फ्रेममध्ये घातली.